नकोच्या जागी हवं

अहो, उठता कशाला मावशी? ठेवा ती पिशवी खाली, बसा. बाबा 'ही नको' म्हणाले म्हणून एवढं काय मनाला लावून घ्यायचं — तुम्हाला एकटीला नाही म्हणाले, येईल त्याला म्हणतात. तुमच्याआधी ती विणणारी बाई आली होती, काखेत लोकरीचा गुंडा आणि सुया — बाबा तिच्या बोटांकडे बघत बसले, सकाळभर बघत बसले, मी म्हटलं चला, जमलं एकदाचं — तर जेवणं झाल्यावर त्यांच्या बोलायच्या यंत्रातून, 'ही नको'. तिच्याआधी एक उंचापुरा बाप्या होता, मी त्याला पैलवान म्हणायची, बाबांना खाटेवरून उचलून खुर्चीत असा अलगद ठेवायचा, जशी काही काचेची फुलदाणीच — 'हा नको'. मग मी काय करणार? सांगितलं त्याला, बाबा रे, त्यांना नाही पटत. गेला बिचारा. जिन्यात उभा राहून वळून वळून बघत होता. — हो, तुमचंही काम चांगलंच आहे, बघितलं ना मी, आल्या आल्या उशी सारखी केलीत, त्यांचा हात ओढला नाहीत, खालून आधार दिलात — अहो, पण त्यांचा शब्द! या घरात त्यांचा म्हणून तेवढाच उरलाय, तोही मी मोडायचा? आपल्याला आंघोळ कोणी घालायची, एवढं तरी माणसाला ठरवता यायला पाहिजे की नाही?

बसा हो जरा. मलाही कोणाशी तरी — म्हणजे नीट समजावून सांगते, उगाच राग धरून जिना उतरू नका. आणि त्यांच्यासमोर बोलतेय म्हणून अवघडू नका, त्यांना सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, फक्त तोंडातून निघत नाही. तो आवाज बाईचा कसा, हेच मनात आलं ना तुमच्या? सगळे दचकतात. आपल्या भाषेत वाचून दाखवणारा एवढा एकच आवाज मिळाला मला, बाईचा, थंडगार, बसथांब्यावर घोषणा करतात तसा. बाबांना तो शोभत नाही, मान्य. तुम्ही त्यांचा खरा आवाज ऐकायला हवा होता! लिलाव पुकारायचे ते. भाजीच्या घाऊक बाजारात, उलट्या खोक्यावर उभे राहून. ट्रक चालू असायचे, हमाल भांडत असायचे, आणि त्या सगळ्याच्या वर बाबांचा आवाज — एक वार, दोन वार! घरी आले तरी तसेच. 'मीठ कमी आहे' हेसुद्धा अख्ख्या जिन्याला कळायचं. आई म्हणायची, अहो, मी समोर बसलेय, मी गिऱ्हाईक नाही. आई गेली, त्यानंतर थोड्याच दिवसांत यांना खोक्यावरच झटका आला. लोक सांगतात, कोबीच्या ढिगावर दोन वार म्हणाले आणि पुढे तोंड उघडंच राहिलं. लोकांना वाटलं, भाव वाढायची वाट बघतायत.

तेव्हापासून हे असं. उजवा हात गेला, वाचा गेली. डाव्या हाताचं एक बोट काय ते ऐकतं, तेही थरथरत. म्हणून हा मोठ्या बटणांचा कळफलक आणला, लाकडी फळी तिरकी लावून घेतली सुताराकडून. पण बोट एकदा बटणावर टेकलं की उठतच नाही — 'पाणी' लिहायचं तर प प प प, मग काना चार वेळा, सगळं असं ताणलेलं. आणि यंत्र बिचारं जे दिसेल ते वाचणार, तोतऱ्यासारखं. ऐकवायचं नाही हो. मग मी म्हटलं, हे तर माझंच काम आहे. माझं काम म्हणजे — मी तक्रारी गाळते. हसू नका, खरंच. मोठी कंपनी आहे, हजारो लोक चिडून लिहून पाठवतात, ते साहेबांपर्यंत जायच्या आधी माझ्याकडे येतं. संगणकावर एक काळी खिडकी उघडायची, चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसती अक्षरं. तिथे एक ओळ लिहायची — हा शब्द शोध, त्याच्या जागी तो घाल — की ढीगभर मजकूर एका फुंकरीत बदलतो. फोन नंबर काढा, उद्गारचिन्हांच्या रांगा काढा, शिव्या काढा. एका ओळीतून निघालेला मजकूर दुसरीत, दुसरीतून तिसरीत, एकाखाली एक चाळण्या लावाव्यात तसा. वरून माणसाचा संताप ओतला की खालून निघतं, 'सेवा समाधानकारक नाही'. चांगली आहे मी त्यात. साहेब लोक म्हणतात, तुमच्या हातून आलेलं वाचताना डोकं दुखत नाही.

तीच युक्ती घरी केली. बाबा लिहितात, ते आधी माझ्या चाळण्यांतून जातं, मग आवाजाकडे. पहिली चाळण — एकच अक्षर लागोपाठ आलं तर एक ठेव, बाकीची टाक. झालं, पाणी पाण्यासारखं झालं. फक्त पपईची पई व्हायची आणि नणंदेला बाबा ननंद लिहितात, तिची नंद. तेवढं चालायचंच. पण पुढे एक भलताच घोळ निघाला — शब्द उलटे यायला लागले. भूक लागली असेल तर लिहायचे नको, पोट भरलं असेल तर लिहायचे हवं. मला जवळ बोलवायचं तर जा, हाकलायचं तर ये. मी तर घाबरून गेले. बोलणं शिकवायला एक बाई यायच्या, आम्ही त्यांना शाळाबाई म्हणायचो — त्या म्हणाल्या, घाबरू नका, अशा झटक्यात होतं असं, उलट अर्थाचे शब्द डोक्यात एकाच खणात असतात आणि हात चुकीच्या शब्दावर पडतो. मग काय, आणखी एक चाळण! हवंच्या जागी नको, नकोच्या जागी हवं. सोपं वाटतं ना? पहिल्या दिवशी फजिती झाली. कारण संगणक ओळीने चालतो — त्याने आधी सगळ्या हवंचे नको केले, आणि मग तिथे असतील नसतील त्या सगळ्या नकोंचे हवं. दिवसभर बाबांना सगळं हवंच. मी भरवतेय, भरवतेय, आणि ते बिचारे तोंड मिटून बसलेत! मग डोक्यात प्रकाश पडला — अदलाबदल करायची तर मध्ये तिसरी जागा लागते. आधी हवंच्या जागी एक खूण टाकायची, मग नकोचं हवं करायचं, मग खुणेचा नको. दोन भांड्यांतलं एकमेकांत करायला तिसरं रिकामं भांडं लागतं ना, तसं.

आणि जा-ये तर विचारूच नका. पहिल्यांदा घाईत लिहिलं, जा दिसला की ये घाल. तर यंत्र म्हणतं, 'दरवाये उघड'. दरवाये! शेजारी झाले शेयेरी, आणि डॉक्टरांना सांगतायत, 'आयेर कमी आहे'. मी आणि शाळाबाई पोट धरधरून हसलो. मग नीट केलं, दोन्ही बाजूंना मोकळी जागा असेल, सुटा शब्द असेल, तरच बदल. हवा, हवी, हवं, तिन्ही रूपं घातली — तरी एकदा खिडकीशी बसून यंत्र म्हणालं, 'आज नको गार आहे', आणि 'उशी हवं', 'गोधडी हवं' असं तर नेहमीच, कारण उलट फिरवताना नको एकटाच, त्याला ना बाई ना पुरुष. शेयेरीण — बघा, माझ्याही तोंडात बसलंय — शेजारीण म्हणते, तुझे बाबा व्याकरण विसरले का गं?

थांबा हं, लिहितायत काहीतरी. — 'पाणी हवं.' ऐकलंत? आणते. — घ्या बाबा. घ्या ना. — हे बघा, हे असं. मागायचं आणि तोंड फिरवायचं. घ्या हो, आत्ताच मागितलंत! सांडलं ना? असू दे, मी पुसते, तुम्ही नका उठू. हट्टी आहेत हो. आधी नव्हते एवढे. हल्ली दिवसभर हेच, हवं म्हणायचं, आणून दिलं की मान हलवायची, मग मी चमच्याने थोडं थोडं पाजते. न पिऊन कसं चालेल? — काय म्हणालात?

नाही, उलटंच लिहितात अजून. म्हणजे काय, उलटंच. — कधी बघितलं म्हणजे? रोज बघते की. मी या घरातून बाहेर कुठे जाते? त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझं ऑफिस आणि इथे हे, मधे एवढा पडदा. — तसं नाही, गाळायच्या आधीचं, ते मुद्दाम कशाला बघायचं? ते बघायला लागू नये म्हणून तर चाळण. — शाळाबाई? त्या आता येत नाहीत. त्यांचं काम संपलं. त्या म्हणाल्या, छान सुधारणा आहे, आता शब्द जागेवर बसलेत, ती तुमची उलटापालट एकदा काढून बघा. मी म्हटलं, हो, बघते. काढणारच होते. पण ऑफिसचं काम, यांची औषधं, धाकट्या भावाचा परदेशातून फोन — ताई, तू आहेस म्हणून आम्हाला झोप लागते — त्या सगळ्यात राहून गेलं. आणि एकदा चालतंय त्याला हात लावू नये, आमच्या कामात हा पहिला धडा असतो. सगळं सुरळीत चालू आहे आणि तुम्ही मध्येच एक ओळ काढलीत, तर काय काय कोसळेल कोणाला ठाऊक.

सुरळीतच चालू होतं हो. — तुम्ही अशा बघू नका. मला सांगा, बाबांनी आयुष्यात मला 'ये' म्हटलं नव्हतं. चुकूनसुद्धा नाही. लहानपणापासून एकच, जा. जा, बाहेर खेळ. जा, पोहायला शिक, मुलगी झाली म्हणून काय झालं. जा, परगावी शिकायला जा, मी आहे. आई रडत बसायची आणि हे बसमध्ये माझी ट्रंक चढवून त्या भल्या मोठ्या आवाजात, जा गं ठमे! ठमे म्हणतात मला. सगळा बसथांबा बघायचा. आणि आता रोज सकाळी मी या दारातून आत आले की त्या थंड आवाजात — ये. ये. ऐकायला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? मी कधी ऑफिसच्या बायकांबरोबर बाहेर जायचं ठरवलं, चप्पल घातली, की — ये. मग मी चप्पल काढायची. वाटायचं, म्हातारपणी का होईना, लागतेय मी यांना.

आणि एक दुभाषी होते. ऑफिसातलेच. परक्या भाषेतल्या तक्रारी आमच्या भाषेत उतरवायचे, मग ते माझ्याकडे यायचं. मला म्हणायचे, मी एवढ्या मेहनतीने लोकांचा राग उतरवतो आणि तुम्ही तो एका ओळीत पुसता. त्यांना समुद्राकाठच्या एका शहरात काम मिळालं. मला म्हणाले, चला. तसं दारातून नाही हो, चांगले घरी आले, तुम्ही बसलाय त्याच खुर्चीवर बसले, बाबांना म्हणाले, तुम्हीही चला, तिथे मोठी खोली आहे, खिडकीतून बोटी दिसतात. बाबा किती वेळ लिहीत होते. आणि मग यंत्र म्हणालं, 'हा नको. ठमे ये.' बाबांनी फळीवर हात आपटला, एवढ्या जोरात की कळफलक खाली पडला. मला वाटलं, रागावले. दुभाष्यांनी तो उचलून जागेवर ठेवला, बूट घातले आणि गेले. फार सभ्य माणूस. मी दार लावून घेतलं. त्यांचा शब्द होता ना —

हे शाळाबाई म्हणाल्या त्याच्या आधीचं की नंतरचं? आधीचं असेल. शाळाबाई शेवटच्या आल्या तेव्हा यांच्या अंगात नवीन स्वेटर — नाही, तेव्हा जुनाच होता. नवा तर दुभाष्यांनीच त्या दिवशी आणला, म्हणजे त्याआधीच त्या — थांबा. थांबा जरा. नंतरचं. नंतरचं आहे मावशी.

नाही, नाही, पाणी नको मला. — हो, काढून बघते. एवढंच काय, आत्ता काढते, तुमच्या समोर. त्यात अवघड काही नसतं, ओळ पुसायचीसुद्धा नाही, ओळीच्या आधी एक चौकटीसारखी खूण टाकायची, म्हणजे ती ओळ मुकी होते, असून नसल्यासारखी. अक्षरं दाबायची चाळण तेवढी राहू देते, नाहीतर तोतरं बोलेल. ही एक मुकी. ही दुसरी. जा-येची ही. — बाबा, असे बघू नका माझ्याकडे. झालं. लिहा. लिहा काहीतरी, काहीही लिहा.

...

'पाणी नको. पोट फुटेल.' अगंबाई — आणि पुढचा तो शब्द! ऐकलात तो शब्द? शिवी दिली हो मला! शिव्या गाळायची ओळपण बंद झाली वाटतं त्याबरोबर. ती मी ऑफिसातलीच उचलून घातली होती, बाजारातला माणूस, शेजारपाजारचे काय म्हणतील म्हणून — अहो, काय शिवी दिली, तीसुद्धा त्या घोषणावाल्या बाईच्या आवाजात! तुम्हीपण हसताय. हसा हसा. मी रडत नाहीये, हसतेच आहे. हा शब्द मी किती दिवसांनी — बाबा, खरंच का हो? एवढं पाणी मी तुम्हाला रोज — चमच्याने —

लिहितायत. थांबा. 'ही हवी.' तुम्ही. तुमच्याबद्दल आहे ते. ऐकलंत ना, ही हवी म्हणाले, ठेवा ती पिशवी खाली. म्हणजे ती विणणारीसुद्धा — आणि पैलवान, जिन्यातून वळून वळून बघत होता तो — ते सगळे यांना — आणि मी एकेकाला दार दाखवत गेले. आणि हे इथे बसून बघत होते. ओरडता येत नाही, उठता येत नाही, लिहावं तर माझ्याच चाळणीतून उलटं होऊन बाहेर. माणूस खोलीत असतो, दार उघडं असतं आणि तरी — बाबा, मला सांगायचं ना! म्हणजे, कसं सांगणार म्हणा. कशानं सांगणार.

बाबा, एक विचारू? दुभाषी आले होते, त्या दिवशी तुम्ही मुळात काय लिहिलं होतंत? म्हणजे कळतंय मला काय लिहिलं असेल, मूर्ख नाही मी, पण तुमच्याकडून — नसेल लिहायचं तर नका लिहू. — लिहितायत. बराच वेळ लिहितायत. हे काहीतरी लांब आहे. मावशी, तुम्ही त्यांचं मनगट असं धरा, फळीवरून घसरतं. हां. तुम्हाला जमतं, मी तर धरायचे तेव्हा घट्ट धरायचे. रागावले असतील. रागवायलाच हवं. मी त्यांच्या जागी असते ना, तर — एवढं काय लिहितायत? मला वाचता येतंय इथून, पण मी बघत नाही. बघणार नाही. येऊ दे आवाजातूनच.

...

काय? परत लावा ते. — 'ठमे बाहेर बस. मला हिच्याशी बोलायचं आहे.'

हिच्याशी म्हणजे — तुमच्याशी. माझ्यासमोर बोला की बाबा. माझ्यापासून काय लपवायचंय? या आत्ता आल्यात, यांना काय माहीत तुमचं, मी इतकी वर्षं — अहो, त्यांना नाही कळायचं सगळं, तुम्ही काना जास्त दाबता, वेलांटी विसरता, मी असले म्हणजे पटकन — 'बाहेर.' बरं. बरं, ऐकलं. ओरडायला नको.

जाते. मावशी, हे बघा, आवाज अडकला तर इथे दाबायचं. त्यांना मान डावीकडे वळवून बसवायचं, म्हणजे संगणकाचा पडदा दिसतो. मध्येच दमतात, तेव्हा घाई करायची नाही. आणि शिव्या देतील, त्या — त्या राहू द्या. काय बोलतात ते मला नंतर सांगाल? — नाही? बरं. नका सांगू. कुठे बसू पण मी बाहेर? जिन्यात? मी जिन्यात कधी बसलेले नाही. चपला — कुठे गेल्या चपला, हं, याच. दार उघडं ठेवू का थोडं? — बंद. बरं. तुम्हीच लावा.

मावशी? — मावशी, आवाज बारीक केलात का? इथून मला काही ऐकू येत नाहीये.